उ: समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी – हीटर नको, आधी फटी बुजवा

उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ करून ती वरच्या पारदर्शक झाकणावर थंड करून गोडं पाणी गोळा करणाऱ्या तुमच्या एक चौरस मीटरच्या पेटीतून दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी मिळालं, म्हणून हीटर बसवायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून नको! लिटरभर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज जाते.

आधी वरचं प्लॅस्टिक काढून साधी काच लावा. प्लॅस्टिकवर टपोरे थेंब धरतात आणि परत खाऱ्या पाण्यातच टपकतात. काचेवर पातळ थर होऊन तो ओघळत पन्हळीत येतो. आमच्या गच्चीवरच्या पेटीत खरा घोळ कडेच्या फटींचा होता, वाफ तिथूनच निसटायची. काच आतून धुरकट दिसायची, पन्हळ मात्र कोरडी. सिलिकॉन नीट भरलं आणि कडक उन्हात तीन लिटरपर्यंत पोचलो. पाणी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको, आणि उरलेलं खारं पाणी रोज सकाळी काढून टाका, नाहीतर काळ्या तळावर मिठाचा पांढरा थर बसून ऊन परतवतो.

चिलीत लास सालिनासला १८७२ साली लाकूड आणि काचेच्या अशाच पेट्या बांधल्या होत्या. सुमारे ४,७०० चौरस मीटरमधून रोज २० हजार लिटरच्या वर पाणी निघायचं, तेही विजेशिवाय. फटी बुजवून झाल्या की नवा आकडा नक्की कळवा.