मदत हवी आहे: २३ वर्षांच्या भावाला काही आठवडे ठेवायचंय, कोल्हापुरात जागा पारखायची कशी?

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. डॉक्टर म्हणतात, निदान सहा आठवडे तिनं कुणाला धरायचं-ओढायचं नाही. आमच्या घरात नेमकी तिथंच अडचण आहे. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, सोबत फिट्स. अंगानं दणकट. आंघोळ आई घालते, दात ती घासते, रात्री उठून बघतेही तीच. बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, पाळी फिरती. मी पुण्यात, रजा मिळून मिळून किती मिळणार?

म्हणून तेवढ्यापुरतं त्याला कुठं ठेवता येईल का ते बघतेय. कायमचं नाही. (हे नातेवाइकांना सांगून थकले. "टाकताय काय पोराला आश्रमात?" असं विचारणाऱ्यांपैकी एकानंही 'एक रात्र मी येतो' म्हटलेलं नाही.)

दोन जागा पाहिल्या, नावं लिहीत नाही. पहिली चकाचक. व्यवस्थापकांनी आधी फी सांगितली, मग नियम: पहिले पंधरा दिवस भेट नाही, फोन नाही, "म्हणजे मुलं रुळतात". रात्री किती माणसं असतात विचारलं तर "असतात की". दुसरी जागा जुन्या घरात, भिंतींना ओल, कपडे व्हरांड्यात वाळत घातलेले. पण तिथल्या मावशींनी मला सोडून भावालाच विचारलं, "चहा घेणार का दूध?" आणि तो बोलेपर्यंत थांबल्या. त्याला वेळ लागतो. मी खूश. मग फिट आली तर काय करता विचारलं. "दातात चमचा घालतो, कांदा फोडून हुंगवतो." झालं!

माझी खरी भीती अशी की परत आल्यावर भावाला काहीच सांगता येणार नाही. मारलं तरी नाही, उपाशी ठेवलं तरी नाही, लाड केले तरी नाही. मग जागा बरी की वाईट हे आधीच कशावरून ओळखायचं? इचलकरंजी, सांगली, मिरजही चालेल.

शाहूपुरीकर:
ताई, निवासी शाळांत चकरा मारू नका, त्या बहुतेक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पुढं कार्यशाळा, त्याही बऱ्याचशा दिवसाच्या, संध्याकाळी पोरगं घरी. 'चार दिवस ठेवून जा' अशी पाटी लावलेलं आपल्याकडं फारसं कुणी नाही. राष्ट्रीय न्यास म्हणजे बौद्धिक अक्षमता वगैरे असणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था. तिची 'समर्थ' योजना (आता 'घरौंदा'बरोबर एकत्र केलेली) अशाच तात्पुरत्या निवाऱ्यासाठी आहे. आपल्या भागात न्यासाकडं नोंदलेली संस्था कुठली, हे कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं विचारा.

तिथं जाताच आहात तर पालकत्वाचा अर्जही करून टाका. १८ नंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ही समितीच पालक नेमते. भाऊ दुसऱ्याच्या ताब्यात असताना दवाखान्यात सही कुणाची, हा प्रश्न नेमका रात्री अडीचला उभा राहतो. न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा काढलाय ना? उपचारांसाठी वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात.

बाईंची वही:
निवृत्त विशेष शिक्षिका आहे, वसतिगृहातही राहून काम केलंय. थोडं लांबेल.

सकाळी अकराला जाऊन काही कळत नाही गं. अकराला सगळे न्हाऊन-माखून भांग पाडून बसलेले असतात. संध्याकाळी साडेसात-आठला जा. जेवणं चाललेली, दिवसपाळीची माणसं घरी गेलेली. तेव्हा किती हात उरतात ते मोज. आणि रात्री 'असतं' कोण हे विचारू नकोस, 'जागं' कोण असतं ते विचार. खोलीच्या दाराला बाहेरून कडी दिसली तर चहासुद्धा न घेता निघ.

औषधांची वही मागून घे. प्रत्येक डोसपुढं वेळ आणि सही हवी. मी एके ठिकाणी उद्याच्या तारखेच्या सह्या आज झालेल्या पाहिल्यात, एकाच पेनानं, एकाच झोकात. आपल्या गोळ्या पाकिटासकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट द्यायच्या, सुट्या डबीत नाही.

'आमच्याकडं मुलं एकदम शांत' असं कौतुकानं सांगितलं की मला काळजी वाटते. दहा-बारा तरुण पोरं एका खोलीत आणि आवाज नाही? दुपारी कोण डुलक्या घेतंय, कुणाची लाळ गळतेय, ते बघ. मग विचार, 'यानं आंघोळीला नकार दिला तर?' 'सगळे ऐकतात' हे उत्तर असेल तर ऐकायला लावतात कसं ते विचारावं लागेल. चांगल्या ठिकाणी असं विचारल्यावर एखाद्या पोराचा किस्साच सुरू होतो. अमका अजिबात ऐकायचा नाही, मग आम्ही बादली अंगणात ठेवली, वगैरे.

नोंदणी प्रमाणपत्र बघ, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते सक्तीचं आहे. पण ते भिंतीवर आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

पंधरा दिवस भेटबंदी म्हणजे माझ्या दृष्टीनं विषय संपला. २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या बालगृहातली उपासमार पेपरात आली, तेव्हा हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. बाहेरचं कुणी आत डोकावतच नसेल तर काय होतं ते तेव्हा दिसलं. आणि सहा आठवड्यांसाठी आलेला मुलगा रुळायचा कशाला? त्याला परत जायचंय.

मावशींवर मात्र फुली मारू नकोस. चमचा, कांदा, चप्पल यातलं काही करायचं नाही, कुशीवर वळवायचं, मानेजवळचे कपडे सैल करायचे, घड्याळ लावायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. तो बोलेपर्यंत थांबायचं, हे तुला त्या व्यवस्थापकाला शिकवता येणार नाही.

लेस्टरला सध्या:
इथं इंग्लंडात प्रौढांच्या अशा केंद्रांची तपासणी सीक्यूसी (केअर क्वालिटी कमिशन) ही सरकारी यंत्रणा करते, अहवाल कुणालाही वाचता येतो, चार श्रेणी असतात. पण ज्यांच्या भरवशावर श्रेणी मिळाली ती माणसंच सोडून गेली तर अहवालाचं काय करायचं? तेव्हा कोण किती वर्षं टिकलंय, तेही विचारा.

गडहिंग्लजकर:
माझा मुलगा २६ चा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोराला हलवूच नका, आईला हलवा! ऑपरेशननंतर आईनं मावशीकडं, मामाकडं राहावं. पोराची खाट तीच, ताट तेच, गल्ली तीच. रात्रीला नर्सिंग ब्युरोचा पुरुष अटेंडंट ठेवा. आम्ही तीन घरांनी आपसात ठरवलंय, शनिवारी पोरं आळीपाळीनं एकेका घरी. लई भारी चाललंय. संस्थेच्या नादाला लागलो नाही.

बाईंची वही:
दादा, तुमची तीन घरं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, म्हणून चाललंय. इथं वडील रात्रपाळीला, बहीण पुण्यात, आणि न बोलणारा मुलगा एका अनोळखी माणसाबरोबर दाराआड. तीही संस्थाच झाली की, एका माणसाची. तिथं वही कोण बघणार?

गडहिंग्लजकर:
हे मात्र खरं. अटेंडंटचं मागं घेतो. शनिवारचं नाही घेत.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल साडेसातला न सांगता मावशींकडं गेले. रागावल्या नाहीत, पण मलाच भात वाढायला लावलं. रात्री एक जण जागा असतो, दुसरा तिथंच झोपतो. वहीत एका दिवशीची सही नव्हती. विचारल्यावर "राहिली बघ" म्हणाल्या आणि मागाहून केली नाही. हे मला उलट बरं वाटलं.

आमच्या न्यूरोलॉजिस्टांनी फिटसाठी कागद लिहून दिला, नाकात मारायच्या मिडाझोलाम स्प्रेसकट. झोपमोड झाली की फिट्स वाढतात, म्हणून पहिल्या रात्री मी किंवा बाबा तिथं मुक्काम करू, अशी अट घातली. मान्य झाली. आधी एक संध्याकाळ, मग एक रात्र, मग बघू. भावाबद्दल एक पानही लिहितेय: मनगट चावलं तर तो चिडलेला नसतो, दात दुखतोय किंवा लघवीला लागलीय. ताक चालतं, दही नाही. पाटाकडील तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर जायचं म्हणून सकाळपासून बूट घालून बसतो, तेव्हा बूट काढायची घाई करू नये.

दोन गोष्टी अजून अडल्यात. एक, मावशी पूर्ण महिन्याची फी आगाऊ मागतायत. मध्येच परत आणावं लागलं तर काय, हे लेखी कसं घ्यावं? दुसरं बाईंना: परत आल्यावर अंगावर काही खुणा आहेत का, हे त्याला न बिचकवता कसं बघायचं? आंघोळ तर आई घालणार नाही.

गडहिंग्लजकर काका, तुमच्या शनिवारच्या घरांत चौथं घर चालेल का? व्यक्तिगत निरोप पाठवलाय.