अमेरिकेत 'सरोगेट पेरेंट' म्हणून नेमणूक स्वीकारावी का?

शर्वरी_एनजे

नमस्कार. न्यू जर्सीतील आमच्या गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (गावातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) मला विशेष शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी 'सरोगेट पेरेंट' होण्याविषयी विचारले आहे. मुलगा माध्यमिक शाळेत आहे, ग्रुप होममध्ये (काही मुलांना एकत्र सांभाळणाऱ्या निवासात) राहतो, आणि त्याच्या शिक्षणाविषयीच्या बैठकांना बसून कागदपत्रांवर सही करील असे त्याचे कुणी नाही, एवढेच मला सांगण्यात आले. हा शब्द फोनवर ऐकून पुण्यातल्या सासूबाई क्षणभर गप्प झाल्या आणि मग त्यांनी हळूच मला माझ्या वयाची आठवण करून दिली. त्यांचा गैरसमज दूर करता आला. माझ्या स्वतःच्या शंका मात्र तशाच आहेत.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे आणि विशेष शिक्षणाचा अनुभव शून्य. या मुलाची आर्थिक किंवा वैद्यकीय जबाबदारी माझ्यावर येईल का? मी अद्याप अमेरिकेची नागरिक नाही, ग्रीन कार्डावर आहे, त्याने काही अडते का? शिवाय याच डिस्ट्रिक्टच्या एका प्राथमिक शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस लंच एड म्हणून, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मुलांकडे लक्ष ठेवण्याचे, काम करते. 'शाळा वेगळी आहे, त्यामुळे चालेल,' असे कार्यालयातील व्यक्तीने सांगितले. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

दुवा_बॉस्टन

शर्वरीताई, मॅसॅच्युसेट्समध्ये मी हे काम काही वर्षे केले आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तुम्हाला तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये हे काम करता येणार नाही. केंद्रीय नियमानुसार सरोगेट पेरेंट हा राज्याच्या शिक्षण खात्याचा, स्थानिक डिस्ट्रिक्टचा किंवा त्या मुलाचे शिक्षण अथवा सांभाळ पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेचा कर्मचारी असून चालत नाही. नियमात 'शाळा' हा शब्द नसून 'डिस्ट्रिक्ट' आहे, त्यामुळे इमारत बदलल्याने काही बदलत नाही. सरोगेट म्हणून मानधन मिळाले तर केवळ तेवढ्यावरून कुणी कर्मचारी ठरत नाही. लंच एडची नोकरी मात्र सरळसरळ नोकरी आहे.

हा तांत्रिक अडसर वाटेल, पण तो का ठेवला आहे ते या कायद्याच्या रचनेकडे पाहिल्यावर कळते. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली, आणि ज्याला १९९० पासून 'आयडिया' (इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट) या आद्याक्षरांच्या नावाने ओळखतात, त्याने अपंग मुलांना मोफत आणि सुयोग्य शिक्षणाचा हक्क दिला. मात्र तो हक्क प्रत्यक्षात मिळतो की नाही यावर लक्ष ठेवण्याचे काम मुख्यतः पालकांकडे सोपवले. मुलाचे पहिले मूल्यमापन पालकांच्या संमतीने, विशेष सेवांची सुरुवात त्यांच्या लेखी संमतीने, मूल्यमापन पटले नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागणारे तेच, मध्यस्थी किंवा सुनावणी मागणारेही तेच. ज्या मुलाला पालक नाही त्याच्या बाबतीत ही सगळी यंत्रणा एकतर्फी चालू लागते. त्या रिकाम्या खुर्चीवर डिस्ट्रिक्टचाच पगार घेणारी व्यक्ती बसवली, तर खुर्ची भरल्याचा देखावा तेवढा होतो.

आता जबाबदारीविषयी. सरोगेट पेरेंटचा अधिकार चार बाबींपुरता असतो: मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का हे ओळखणे, त्याचे मूल्यमापन, त्याला कोणत्या वर्गात किंवा शाळेत ठेवायचे, आणि त्याला मिळणारे शिक्षण सुयोग्य आहे का. मुलाला घरी ठेवणे, त्याचा खर्च करणे, औषधोपचारांना संमती देणे यांतले काहीही तुमच्याकडे येत नाही. केंद्रीय नियमातील अटी तीनच आहेत: वर सांगितलेली नोकरीची अट, मुलाच्या हिताशी टक्कर घेणारा स्वतःचा हितसंबंध नसणे, आणि त्याची बाजू नीट मांडण्यापुरते ज्ञान व कौशल्य. नागरिकत्वाचा त्यांत उल्लेख नाही. ज्ञानाचे म्हणाल तर पदवीपेक्षा आयईपी नावाचा, त्या मुलापुरता बनवलेला वैयक्तिक शिक्षणाचा तो जाडजूड आराखडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची चिकाटी अधिक उपयोगी पडते. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याच्या आराखड्यातील वाचनाची उद्दिष्टे सलग तीन वर्षे शब्दशः तीच होती. प्रत्येक वर्षी त्याखाली कुणा ना कुणाची सही होती.

कायदेकानू

मी कॅलिफोर्नियात याच क्षेत्रात वकिली करते. वरील प्रतिसादाशी सहमत आहे. उद्दिष्टे जशीच्या तशी पुढे ढकलण्यावरून तर २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक गाजलेला निकाल आला. कोलोरॅडोतील डग्लस काउंटीमधील एका स्वमग्न मुलाच्या आराखड्यात वर्षानुवर्षे जवळजवळ तीच उद्दिष्टे येत होती. मुलाची परिस्थिती लक्षात घेता त्याची योग्य प्रगती होईल असा आराखडा शाळेने बनवला पाहिजे, नावापुरता लाभ पुरेसा नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, कारण त्या मुलाचे आईवडील ते घेऊन गेले.

शर्वरीताई, तुम्ही एक प्रश्न विचारलेला नाही, पण नेमणूक स्वीकारण्यापूर्वी तो डिस्ट्रिक्टला जरूर विचारा: या मुलाला खरोखरच कायद्याच्या अर्थाने पालक नाही का? मराठीत 'पालक' म्हणजे जन्मदाताच असे नाही, जो पाळतो तो पालक. हा कायदाही बराचसा तसाच विचार करतो. मूल ज्या आजीकडे किंवा मावशीकडे राहते ती पालक ठरू शकते, आणि राज्याच्या कायद्याने मनाई केलेली नसेल तर फॉस्टर पालकही (मूल दत्तक न घेता तात्पुरते सांभाळणारे). सरोगेट नेमायचा तो पालक कोण हेच ठाऊक नसेल, वाजवी प्रयत्न करूनही त्यांचा ठावठिकाणा लागत नसेल, मूल राज्याच्या ताब्यात असेल किंवा ते एकटे व बेघर असेल तेव्हा. न सापडणारी आई आणि बैठकीला न येणारी आई यांत फरक आहे. दोन पाळ्यांत काम करणारी, इंग्रजी न येणारी, शाळेचे फोन टाळणारी आई कायद्याने अजून पालकच असते. तिच्या जागी सोयीचा माणूस बसवण्यासाठी ही तरतूद नाही. असे प्रकार मी पाहिले आहेत, म्हणून थोडे कडक लिहिते.

मूल राज्याच्या ताब्यात असेल तर त्याचे प्रकरण पाहणारे न्यायाधीशही सरोगेट नेमू शकतात. डिस्ट्रिक्टने नेमायचे असल्यास, गरज निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत नेमणूक व्हावी यासाठी राज्याने वाजवी प्रयत्न करायचे असतात. दायित्वाबद्दल सांगायचे तर, आमच्या राज्यात सरोगेटला बेपर्वाई किंवा दुष्ट हेतू नसेल तोपर्यंत कायद्याचे संरक्षण आहे. तुमच्या राज्यातली स्थिती लेखी विचारून घ्या. आणि एक विनंती: या मुलाविषयी आतापर्यंत लिहिलेत त्याहून अधिक तपशील इथे लिहू नका.

जुना_मास्तर

साताऱ्याहून लिहितो आहे. आमच्या शाळेत बालगृहातील मुले येत, आणि त्यांच्या दाखल्यावर, प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या संमतिपत्रावर पालक म्हणून अधीक्षकांचीच सही असे. अधीक्षक सज्जन होते. तरीही मुलाच्या बाजूने शाळेशी भांडायला ते कधी आले नाहीत. पन्नास मुलांना प्रवेश देणाऱ्या शाळेशी एका मुलासाठी वाकडे कोण घेणार? आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ खाली बाल कल्याण समिती आहे आणि प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक देखभाल आराखडाही करायचा असतो. पण केवळ शिक्षणापुरता, संस्थेबाहेरचा माणूस नेमण्याची अशी वेगळी तरतूद तिथे नाही. तुमच्याकडे ग्रुप होमचा व्यवस्थापक ही सही का करू शकत नाही, हा प्रश्न मला पडला होता. तो वरच सुटला.

दुवा_बॉस्टन

मास्तर, नेमके तेच. याला छोटासा अपवाद एकट्या, बेघर मुलांपुरता आहे; त्यांच्यासाठी कायमचा सरोगेट मिळेपर्यंत निवाऱ्यातील योग्य कर्मचाऱ्याला तात्पुरते नेमता येते. मूल रस्त्यावर असताना नियमावर बोट ठेवून थांबणे बरोबर नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळले असावे.

शर्वरी_एनजे

सर्वांचे मनापासून आभार. मी डिस्ट्रिक्टला माझ्या नोकरीविषयी लेखी कळवले आणि तीन दिवसांनी 'आपला प्रस्ताव मागे घेत आहोत' असे एका ओळीचे उत्तर आले. वाईट वाटले, कारण त्या मुलाला दुसरे कुणी मिळाले का हे मला आता कळणार नाही. आणि कळू नये हेच योग्य आहे. दरम्यान शेजारच्या डिस्ट्रिक्टकडे मी स्वतः चौकशी केली. तिथे मी नोकरीला नाही. त्यांनी एक दिवसाचे प्रशिक्षण दिले आणि एका मुलीसाठी माझी नेमणूक केली आहे. तिच्या वार्षिक आयईपीची बैठक तीन आठवड्यांवर आहे. बैठकीपूर्वी तिची जुनी कागदपत्रे मागता येतात का, आणि तिला भेटता येते का?

कायदेकानू

दोन्ही करा. कागदपत्रे पाहण्याचा हक्क पालकाइतकाच तुम्हालाही आहे. मागणी लेखी करा आणि तारीख घाला. कमाल मुदत पंचेचाळीस दिवसांची असली, तरी आयईपीची बैठक त्याआधी असेल तर ती बैठकीपूर्वीच दाखवावी लागतात. मागच्या तीन वर्षांचे आराखडे शेजारी शेजारी ठेवून वाचा. भेटीला केंद्रीय नियमांत मनाई नाही. केसवर्करमार्फत (तिचे प्रकरण पाहणाऱ्या समाजसेवा कर्मचाऱ्यामार्फत) वेळ ठरवा, वर्गात जाऊन एखादा तास बसता येईल का तेही विचारा, आणि मुलीला शाळेतले काय आवडते यापासून सुरुवात करा. बैठकीत सहीसाठी कागद पुढे आला तर तो घरी नेऊन वाचण्याची मुभा मागा. घाई त्यांना असेल, तुम्हाला नसावी.