मदत हवी आहे: १६ वर्षांची अफगाण मुलगी नववीत आहे, गणिताचा वर्ग आणि क्रेडिट्स यांबद्दल

शुभ्रकळी

मंडळी, धागा लांबणार आहे. पण तपशील दिल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी कॅलिफोर्नियात ईस्ट बेमध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या भागात राहते. इथल्या लायब्ररीत संध्याकाळी शाळकरी मुलांना अभ्यासात मदत करणारा स्वयंसेवकांचा गट आहे, त्यात मी गणित शिकवते. फ्रीमाँट आणि आसपास अफगाण वस्ती जुनी आहे, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या तेव्हापासूनची. ऑगस्ट २०२१ नंतर पुन्हा बरीच कुटुंबं आली. अशाच एका घरातली मुलगी माझ्याकडे येते. तिचं नाव किंवा शाळा लिहीत नाही, कृपया कुणी विचारू नका.

तिची शाळा सहावीनंतर सुटली. २३ मार्च २०२२ ला मुलींसाठी सातवीपासूनचे वर्ग उघडणार म्हणून जाहीर झालं होतं, मुली दप्तरं घेऊन गेल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं. ही त्या दिवशी काबूलमध्ये शाळेत गेलेली होती. पुढे वडिलांच्या व्हिसाची वाट बघत कुटुंब पाकिस्तानात राहिलं. वडील अमेरिकन फौजेच्या कामावर होते, त्यामुळे खास व्हिसा मिळणार होता, पण त्याला वेळ लागला. तिथे शाळा नव्हतीच. मोठ्या भावाची गणिताची पुस्तकं घेऊन ती एकटी घरात बसून सोडवत राहिली. २०२४ च्या अखेरीस ते टेक्सासमध्ये उतरले, ती तिथल्या शाळेत काही महिने गेली, आणि मग नातेवाईक इथे आहेत म्हणून सगळे कॅलिफोर्नियात आले. टेक्सासच्या कागदांवर क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर हायस्कूलच्या डिप्लोमासाठी जमा होणारी एककं, जवळजवळ नाहीतच, म्हणून ऑगस्टमध्ये १६ व्या वर्षी तिला नववीत बसवलं.

आता तिचं वेळापत्रक बघा. दोन तास ईएलडी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांचा वर्ग. एक तास वाचनाचा. मग पीई (व्यायाम), चित्रकला, आणि एक गणिताचा पायाभूत वर्ग, ज्यात अपूर्णांकांची बेरीज चालली आहे. विज्ञान नाही. त्या गणिताच्या वर्गाचे गुण ऐच्छिक विषय म्हणून धरले जातात, अल्जेब्रा म्हणून नाही. ही मुलगी माझ्यासमोर दोन चलांची समीकरणं कागदावर सरळ सोडवते, वर्गसमीकरणाचे अवयव पाडते. अडते ती शाब्दिक उदाहरणांत, कारण उदाहरण काय म्हणतंय ते तिला वाचता येत नाही. मुलांचे विषय ठरवून देणाऱ्या शाळेतल्या कौन्सिलरचं उत्तर एवढंच: इंग्रजी जरा सुधारू दे, पुढच्या वर्षी बघू.

याच उत्तरापाशी माझं मन अडून बसलं आहे. आधीच इतकी वर्षं जिला शाळेबाहेर थांबवून ठेवलं, तिला शाळेच्या आत आणून पुन्हा ‘थांब’ म्हणायचं? शाळेतले लोक वाईट नाहीत. ईएलडीच्या बाई तर स्वतःचा जेवणाचा वेळ मुलांना देतात. पण गणित येतं की नाही हे तिला कुणी विचारलंच नाही, इंग्रजी येतं का एवढंच विचारलं.

आणखी एक. शाळेचे फोन इंग्रजीत येतात आणि दहा वर्षांचा धाकटा भाऊ आईला अर्थ सांगतो. आई पाकिस्तानात उर्दू शिकल्या आहेत, त्यामुळे आम्ही दोघी हिंदी-उर्दूत छान बोलतो. त्यांनी मला शाळेत सोबत यायला सांगितलं आहे.

मला हे हवं आहे:
गणिताचा वर्ग बदलून मागायला काही नियम आहे का, की शाळेच्या मर्जीवर आहे?
१६ व्या वर्षी नववी, तर ती हायस्कूलच्या पदवीपर्यंत, म्हणजे डिप्लोमापर्यंत, पोचणार कशी?
आणि शाब्दिक उदाहरणं शिकवण्याची एखादी पद्धत, जी इंग्रजी येईपर्यंत थांबणार नाही.

---

डोंगरवाट

मी इथल्याच एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) ईएलडी शिकवते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

नियम आहे. कॅलिफोर्नियात ‘मॅथमॅटिक्स प्लेसमेंट अ‍ॅक्ट’ म्हणून २०१५ चा कायदा आहे आणि तो नेमका नववीत येणाऱ्या मुलांसाठी आहे. मुलाला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं हे एकाहून जास्त वस्तुनिष्ठ निकषांवर ठरवावं लागतं, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा फेरतपासणी करावी लागते, आणि पालकांना शंका असेल तर दाद मागायचा स्पष्ट मार्ग ठेवावा लागतो. डिस्ट्रिक्टचं हे धोरण वेबसाइटवर असतं. इंग्रजीच्या चाचणीवरून गणिताचा वर्ग ठरवला असेल तर तो गणिताचा निकष झाला कसा, हे शांतपणे विचारा.

मागणी तोंडी करू नका. आईच्या सहीचं पत्र द्या, चार ओळी पुरेत: मुलीची गणिताची चाचणी आकड्यांत घ्यावी, शाब्दिक प्रश्न दरी (अफगाणिस्तानातली फारसी भाषा) किंवा उर्दूतून समजावून द्यावेत, निकाल लेखी कळवावा. सोबत तिच्या हातची सोडवलेली पानं जोडा.

ईएलपॅकचा, म्हणजे राज्याच्या इंग्रजीच्या चाचणीचा, निकालही मागून घ्या. राज्यात पहिल्यांदा आलेल्या मुलाची ही सुरुवातीची चाचणी प्रवेशानंतर ३० दिवसांत व्हायला हवी. तिच्यात बोलणं-ऐकणं वेगळं आणि वाचणं-लिहिणं वेगळं दिसतं. तिला ऐकून समजत असेल तर तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

दुभाष्याबद्दल: पालकांना कळेल अशा भाषेत माहिती देणं हे शाळेचं काम आहे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे. दहा वर्षांच्या मुलाकडून ते काम करून घ्यायचं नसतं. ‘आम्हाला दरी दुभाष्या हवा’ हे पत्रात पहिल्याच ओळीत लिहा. तुम्ही सोबत जरूर जा, पण दुभाष्या म्हणून जाऊ नका. तुम्ही दुभाष्या झालात तर तिच्या बाजूने बोलणार कोण?

---

कृष्णाकाठ

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. इंग्रजी न येणाऱ्या मुलीला थेट अल्जेब्रात टाकलं आणि ती नापास झाली, तर तो ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या गुणपत्रकावर) कायमचा राहील. एक वर्ष भाषा पक्की केली तर बिघडलं काय? माझा भाचा इथे सातवीत आला, सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागला.

शिवाय आपल्या ओळखीत सगळेच सांगतात की शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहू नका, इंग्रजी लिहा, नाहीतर मुलाला ईएल (इंग्रजी शिकणारा) म्हणून वेगळं काढतात. त्या शिक्क्यातून सुटायला वर्षं जातात.

---

डोंगरवाट

फाडफाड बोलणं आणि पाठ्यपुस्तक वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने हा फरक १९७९ मध्ये मांडला. रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत येतं, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे ‘इंग्रजी सुधारल्यावर गणित’ असं धोरण ठेवलं तर ही मुलगी एकविशी ओलांडेल.

आणि ही नुसती माझी तळमळ नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकोल्स, सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्येच सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान शिक्षण झालं असं नाही, कारण भाषाच न कळणाऱ्या मुलाला त्यातून काही मिळत नाही. पुढे १९८१ च्या कास्टान्येडा खटल्याच्या निकालाने अशा मुलांना शिकवण्याच्या पद्धतीसाठी कसोटी घालून दिली: पद्धत शैक्षणिकदृष्ट्या योग्य हवी, ती राबवायला माणसं आणि साधनं हवीत, आणि तिचा परिणाम दिसला पाहिजे. हेही प्रामाणिकपणे सांगते की त्या निकालानुसार शाळा आधी इंग्रजीवर भर देऊ शकते. पण त्यामुळे बाकीच्या विषयांत पडलेली तूट भरून काढायची जबाबदारी शाळेचीच राहते. मीटिंगमध्ये हाच प्रश्न विचारा: विज्ञानाची तूट कधी आणि कशी भरणार?

फॉर्मवर खोटी भाषा लिहायचा सल्ला मला पटत नाही. ज्याला मदत लागत नाही ते मूल पहिल्याच चाचणीत सुटतं. ज्याला लागते, त्याची मदत आपणच बंद करतो.

---

जुना_फळा

ताई, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण खंड पडलेली मुलं आमच्याकडे दरवर्षी असतात.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबापाबरोबर पोरं जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण सगळी नाही. परत आलेलं पाचवीतलं पोरगं वाचायला अडखळतं, पण मुकादमाच्या उचलीतून किती फिटली आणि किती राहिली हे तोंडी सांगतं. त्याला गणित येत नाही असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

आपल्या शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, कलम ४ आहे. मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरतं हा वेगळा विषय आहे, पण तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. मोठ्या पोराला लहान पोरांत बसवलं की ते लाजतं आणि पंधरा दिवसांत यायचं थांबतं. मुलगी असेल तर घरचे लग्नाचं बघायला लागतात. तुमच्या मुलीला अपूर्णांकांत बसवलंय ते मला याच कारणासाठी धोक्याचं वाटतं.

शिकवायचं असं करून बघा. उदाहरण आधी तुम्ही मोठ्याने वाचा, तिने फक्त चित्र काढायचं. टाकी, रस्ता, दुकान, जे असेल ते. चित्रावर आकडे लिहायचे. मग काय विचारलंय ते तिने तिच्या भाषेत, तिच्या लिपीत एका ओळीत लिहायचं. तुम्हाला ती लिपी वाचता आली नाही तरी चालेल, तिला उर्दूत तोंडी सांगायला लावा. मग गणित सोडवायचं. इंग्रजी सगळ्यात शेवटी: उत्तर एका ठरावीक वाक्यात लिहायचं आणि ते वाक्य वहीच्या मागे उतरवून ठेवायचं. ‘प्रत्येकी’, ‘किमान’, ‘च्या तुलनेत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द सगळ्या पुस्तकभर तेच तेच येतात. ते सुटे पाठ करून घेऊ नका, उदाहरणातच भेटू द्या. नंतर तिलाच एक उदाहरण रचायला सांगा. ज्याला उदाहरण रचता येतं त्याला ते वाचताही येतं, हा माझा अनुभव आहे.

---

सप्तपर्णी

क्रेडिट्सबद्दल. मुलगी १६ ची आहे म्हणून हे तातडीने बघा.

कॅलिफोर्नियात राज्याची किमान अट साधारण १३० क्रेडिट्सची आहे, बहुतेक डिस्ट्रिक्ट त्यावर स्वतःच्या अटी घालून २२० च्या आसपास नेतात. हायस्कूलच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या नवागत मुलांना या वाढीव स्थानिक अटींतून सूट देणारा कायदा २०१८ मध्ये झाला. ज्यांच्या शाळेत मोठा खंड पडला आहे त्यांचं ‘वर्ष’ मोजताना वयही धरता येतं. म्हणजे कागदावर नववी असली तरी ती पात्र ठरू शकते, आणि पाचवं वर्ष घेण्याचा पर्यायही विचारता येतो. शिक्षण संहितेतलं कलम ५१२२५.१, कौन्सिलरसमोर ते उघडूनच बसा.

पण सूट घ्यायची घाई करू नका. सूट घेऊन हायस्कूलची पदवी मिळेल, पण यूसी किंवा कॅल स्टेट या राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेशासाठी लागणारे ठरावीक विषय (त्यांना ए-जी म्हणतात) त्यात पूर्ण होत नाहीत. मुलगी गणितात चांगली आहे, तर पाचवं वर्ष घेऊन अल्जेब्रा, जॉमेट्री, बायोलॉजी करणं किंवा पुढे कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) विद्यापीठात बदली घेणं, दोन्ही वाटा तिला समजावून सांगा. निर्णय तिचा आणि घरच्यांचा.

शक्य असेल तर ऑकलंड इंटरनॅशनल हायस्कूल एकदा जाऊन बघा. २००७ पासून आहे, फक्त नव्याने आलेल्या मुलांसाठी. तिथे प्रत्येक विषयाचा शिक्षक भाषाही शिकवतो आणि मुलं गटात आपापल्या भाषेत बोलून काम करतात. तिथे प्रवेश मिळाला नाही तरी तिच्या शाळेला दाखवायला उदाहरण हाताशी राहील.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण खात्याच्या द्विभाषिक शब्दसूची मोफत आहेत, गणित आणि विज्ञान दोन्हीच्या, उर्दूतही. छापून द्या.

---

शुभ्रकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_फळा सर, तुमची चित्राची पद्धत लगेच वापरली. गाड्या आणि वेगाचं एक उदाहरण तिने रस्ता काढून सोडवलं आणि मग स्वतःहून दुसरं रचलं, त्यात काबूल ते जलालाबाद बस होती.

पत्र दिलं. दुभाष्या फोनवर मिळाला, आई पहिल्यांदाच पूर्ण वेळ स्वतः बोलल्या. गणिताची चाचणी आकड्यांत घ्यायला शाळा तयार झाली आहे, ती पुढच्या आठवड्यात आहे. कृष्णाकाठ, तुमची ग्रेडची काळजी मी तिथे मांडली. तेव्हा ईएलडीच्या बाईंनीच सुचवलं की अल्जेब्राच्या वर्गात दरी बोलणारी आणखी दोन मुलं आहेत, तिला त्यांच्या शेजारी बसवता येईल.

वयाच्या मुद्द्यावर कौन्सिलरनी डिस्ट्रिक्टला विचारून कळवते म्हटलंय. ते लेखी मागितलं आहे.

विज्ञानाचं मात्र उत्तर मिळालं नाही. बायोलॉजीच्या वर्गात जागा आहे, पण शिक्षकांना भीती वाटते की लॅब रिपोर्ट तिला लिहिता येणार नाहीत. इथे कुणी हायस्कूलला बायोलॉजी शिकवत असेल, तर इंग्रजी कमी असलेल्या मुलांकडून लॅब रिपोर्ट कसे लिहून घेता, त्याचा एखादा नमुना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? सोमवारी त्या शिक्षकांना भेटायचं आहे.