ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा: सराव परीक्षेतील हे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे मानावेत का?

मानकापूर_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात बॉयलर विभागात काम करतो आणि शिफ्ट सांभाळून बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या) ऊर्जा लेखापरीक्षक प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करीत आहे. गेल्या रविवारी शहरातील एका खाजगी शिकवणीवर्गाची सराव परीक्षा दिली. तिच्यातील चार प्रश्न मला अभ्यासक्रमात कुठेच बसताना दिसत नाहीत, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

पहिला प्रश्न असा होता की, ऊर्जा संवर्धन कायद्यातील ‘इमारत’ या संज्ञेसाठी किमान जोडभार (जोडलेल्या सर्व वीज उपकरणांची एकूण क्षमता) किती लागतो. मी १०० किलोवॅट लिहिले, पण वर्गाच्या उत्तरसूचीत ५०० किलोवॅट आहे. दुसऱ्या प्रश्नात कोळशाचा जीसीव्ही (जळताना मिळणारी एकूण उष्णता) ३५०० किलोकॅलरी प्रति किलो, हायड्रोजन ३ टक्के, ओलावा १२ टक्के आणि जीसीव्हीवर आधारित बॉयलर कार्यक्षमता ८० टक्के दिली होती, व त्यावरून एनसीव्हीवर (पाण्याच्या वाफेसोबत जाणारी उष्णता वजा करून उरणाऱ्या उष्णतेवर) आधारित कार्यक्षमता काढायची होती. बॉयलरच्या प्रकरणात मला असे उदाहरण सापडले नाही. तिसऱ्यात, नागपुरातील कूलिंग टॉवर (गरम पाणी हवेने गार करणारा मनोरा) मे महिन्यात अधिक गार पाणी देईल की ऑगस्टमध्ये, असे विचारले होते. मी ऑगस्ट लिहिले, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा कुठे जातो हे सांगायला नको. चौथा प्रश्न विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन तयार करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमधील मेम्ब्रेनच्या (पातळ पडद्याच्या) प्रकारांवर होता.

हे सर्व प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे समजून सोडून द्यावेत, की मुख्य परीक्षेतही असे काही येऊ शकते?

बाष्पक

नमस्कार. माझी बरीच वर्षे बॉयलरवर गेली आहेत आणि मी ही परीक्षा उत्तीर्ण झालो आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल खात्रीने लिहू शकतो. तो अभ्यासक्रमातलाच आहे. फक्त त्याचे मूळ बॉयलरच्या प्रकरणात नसून इंधन आणि ज्वलनाच्या प्रकरणात आहे. चौथा पेपर पुस्तके सोबत ठेवून सोडवायचा असल्याने आधीच्या पेपरांतील प्रकरणे एकमेकांत मिसळणारच, हे धरून चालावे.

एक किलो हायड्रोजन जळला की नऊ किलो पाणी तयार होते. ते पाणी आणि कोळशातील ओलावा हे दोन्ही वाफ होऊन धुराड्यातून निघून जातात आणि आपली सुप्त उष्णता सोबत नेतात. तुमच्या कोळशासाठी ९ गुणिले ०.०३ म्हणजे ०.२७, त्यात ०.१२ ओलावा मिळवला की ०.३९ किलो पाणी झाले. सुप्त उष्णता ५८४ किलोकॅलरी धरली तर सुमारे २२८ किलोकॅलरी वजा होतात आणि एनसीव्ही ३२७२ येतो. बॉयलरने वाफेला दिलेली उष्णता तीच राहते, म्हणजे ३५०० चे ८० टक्के, २८०० किलोकॅलरी. तिला ३२७२ ने भागले की ८५.६ टक्के उत्तर मिळते. कोळशाच्या अहवालातील हायड्रोजनच्या आकड्यात ओलाव्यातला हायड्रोजन आधीच धरलेला नाही ना, एवढे मात्र नेहमी तपासून घ्यावे. तो धरलेला असेल तर ओलावा दोनदा मोजला जातो, आणि ही चूक मी अनुभवी माणसांच्या हातूनही होताना पाहिली आहे.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. एखादा पुरवठादार ८५ टक्क्यांचा बॉयलर म्हणतो आणि दुसरा ८० टक्क्यांचा, तेव्हा दोघेही एकाच कोळशावरच्या एकाच यंत्राबद्दल बोलत असू शकतात. लेखापरीक्षकाला हे ओळखता आलेच पाहिजे.

वाळा

इमारतीच्या प्रश्नात तुमचे उत्तर बरोबर असून उत्तरसूची जुनी आहे. २००१ च्या मूळ कायद्यात ५०० किलोवॅट जोडभार किंवा ६०० केव्हीए करारित मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) अशी मर्यादा होती. २०१० च्या दुरुस्तीने ती १०० किलोवॅट किंवा १२० केव्हीएवर आली. २०२२ ची दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि तिने निवासी इमारतींनाही या व्याख्येत घेतले. वर्गाला हे कळवून उत्तरसूची दुरुस्त करून घ्यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण तीच सूची आणखी कितीतरी विद्यार्थी पाठ करीत असतील. पहिल्या पेपरसाठी कायद्याचा भाग सुधारित मजकुरावरूनच वाचावा. २८ जून २०२३ ला अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जुन्या छापील पुस्तकात मिळणार नाही, पण त्या कारणाने तिला अभ्यासक्रमाबाहेरची म्हणता येणार नाही.

कूलिंग टॉवरच्या प्रश्नाचे उत्तर मे महिना असे आहे. टॉवरमधील पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाच्या (थर्मामीटरच्या टोकाला ओले कापड गुंडाळून वाऱ्यात धरल्यावर दिसणाऱ्या तापमानाच्या) खाली जाऊ शकत नाही. मे महिन्यातील दुपारी नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असली, तर वेट बल्ब सुमारे २३ अंश येतो. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तो २७ च्या आसपास असतो. तुमच्या घरचा कूलर हेच सांगतो. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या भिजल्या की खोली गार होते, आणि पावसाळा लागला की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. वेट बल्ब चार अंशांनी उतरला म्हणून पाणी पूर्ण चार अंशांनी गार मिळेल असे मात्र समजू नये, कारण तेवढ्याच भाराला वेट बल्ब कमी असताना ॲप्रोच (गार झालेले पाणी आणि वेट बल्ब यांच्या तापमानातील फरक) थोडा वाढतो.

खापरखेडा_लाइन

इलेक्ट्रोलायझरच्या बाबतीत मी प्रश्नकर्त्याशी सहमत आहे. २०२२ च्या दुरुस्तीत ऊर्जाबहुल उद्योगांना ठरावीक वाटा अजीवाश्म स्रोतांतून वापरायला सांगण्याची तरतूद आहे आणि त्या स्रोतांत हरित हायड्रोजनचा उल्लेख आहे, तेव्हा तेवढे विचारणे रास्त ठरते. मेम्ब्रेन कोणत्या पदार्थाची असते हा विषय रसायन अभियांत्रिकीचा आहे. माझ्या मते तो खरोखरच बाहेरचा आहे, आणि परीक्षा जवळ आलेली असताना त्यावर रात्री जागू नये.

मानकापूर_शिफ्ट

सर्वांचे मनापासून आभार. बाष्पक सर, तुमचे गणित मी आमच्याकडच्या कोळशाचा अहवाल समोर ठेवून पुन्हा केले. त्या अहवालात हायड्रोजनचा आकडा ओलाव्यासह दिलेला होता आणि मी आजवर तो तसाच वापरत आलो होतो. वाळा ताई, काल संध्याकाळी कूलरच्या टाकीत थर्मामीटर धरून पाहिला. बाहेर ४१ अंश होते आणि टाकीतले पाणी २४ अंशांवर होते. उत्तरसूचीबद्दल वर्गाला लेखी कळवले असून दुरुस्तीच्या कायद्याची प्रतही सोबत जोडली आहे. इलेक्ट्रोलायझर सोडून दिला आहे. आता सापेक्ष आर्द्रतेवरून वेट बल्ब काढण्यासाठी सायक्रोमेट्रिक तक्ता वाचायला बसतो. तिथे अडलो तर याच धाग्यावर विचारेन.