हायवे सोडून : सायकलवरून पाहिलेला जुना मुलूख (अनुभव धागा)

सायकलवाल्यांच्या गप्पा हल्ली दोनच गोष्टींवर येऊन ठेपतात : किती किलोमीटर झाले आणि सरासरी किती पडली. इथे ते दोन्ही नको. ज्या रस्त्यावर तासाभरात दोन-चारच गाड्या गेल्या आणि वाटेत एखादी बारव, घाट, पडका बुरूज, शिलालेख असं काहीतरी लागलं, त्या रस्त्याबद्दल लिहा. किल्ला कुणी कधी घेतला हे पुस्तकांत आहेच. रस्ता कसा होता, जेवण कुठे मिळालं, कोणत्या महिन्यात जाऊ नये, हे लिहिलंत तर पुढच्याला उपयोग होईल.

सुरुवात मीच करतो. वाई ते मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. गाडीवाले येतात, नाना फडणविसांचा वाडा बघतात, घाटावर फोटो काढतात आणि महाबळेश्वरला पळतात. सायकल असेल तर उजाडताच सरळ धोम गाठा. तिथल्या देवळात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय, तो निवांत बघा आणि ऊन तापायच्या आत परतताना मेणवलीला थांबा. घाटावरची घंटा मुद्दाम जवळ जाऊन पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या, त्यातली ही एक. बाळ येशूला घेतलेली मेरी तिच्या अंगावर अजून स्पष्ट दिसते. नाशिकची नारोशंकराची घंटा जास्त प्रसिद्ध, पण मला ही आवडते.

गाळपाचा हंगाम मात्र टाळा. दिवाळीनंतर या रस्त्यांवर एकेका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, वर स्पीकर ठणाणा, आणि मागून शेवटची ट्रॉली कुठे झोका खाईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. पाऊस ओसरल्यापासून दसऱ्यापर्यंत हा सगळा भाग सायकलसाठीच केल्यासारखा असतो.

साताऱ्याहून

वाईपर्यंत आलात आणि लिंबची विहीर लिहिली नाहीत? महामार्गापासून दोन-तीन किलोमीटर आत, शेतात आहे. बारा मोटेची विहीर. विरुबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधली, तसा शिलालेखच आहे. वरून पाहिली तर पिंडीच्या आकाराची. पायऱ्या उतरून गेलं की आत चक्क महाल आहे, विहिरीच्या पोटात! मे महिन्यात दुपारी तिथे बसलो होतो. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत भिंतीला पाठ टेकली तर गार. वर आलात की मोटेच्या जागी दगडांवर नाडा घासून पडलेले चर बोट फिरवून बघा. शिलालेखापेक्षा मला ते जास्त वाचनीय वाटतात.

तिथून पुढे संगम माहुलीला या. कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट, देवळं, आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. गावातले रस्ते विचारत या, मोबाईलचा नकाशा हमखास महामार्गावर नेऊन घालतो.

ठाण्याहून

मी कोकण किनाऱ्याबद्दल लिहिते. एकटी जाते, गिअरची साधी हायब्रिड आहे, मागे कॅरिअरवर दोन पिशव्या.

मुंबई-गोवा महामार्गाचं नावही काढू नका. किनाऱ्याने जायचं तर प्रत्येक खाडीवर फेरीबोट : आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मोठ्या गाड्यांना लांबचा वळसा असतो किंवा बोटीची रांग, सायकलला दोन्ही नाही. कितीही गच्च भरली तरी एका सायकलपुरती जागा निघतेच. वेसवीच्या बोटीवर खलाशाने सायकल कठड्याला टेकवली, मागच्या चाकाखाली दोराची गुंडाळी सरकवली आणि म्हणाला, ‘आता हात सोडा, पडायची नाय.’ बाजूला मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. त्यातली एक माझ्याकडे बघून, ‘कुठनं आलीस गो? एकटीच?’ हे ‘एकटीच’ किनाराभर ऐकावं लागतं. मी ‘मागनं येतायत’ असं सांगून मोकळी होते. सुरक्षिततेसाठी नव्हे, पुढचे प्रश्न वाचावेत म्हणून.

बोटीतून उतरलं की वर बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी १७५५ मध्ये तो घेतला आणि नाव दिलं फोर्ट व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा, म्हणजे तिचा काही संबंध नाही, पण पाटी वाचून लोक हमखास राणीच्या गप्पा मारतात.

कोकणात सायकलचं गणित ठरलेलं. खाडी, मग घाटी, घाटी संपली की सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, मग उतार, की पुन्हा खाडी. उंची फार नसते, पण चढ असे उभे की पुढची सगळ्यात लहान प्लेट लावूनही उतरून ढकलावी लागते. ढकला, त्यात कमीपणा नाही. सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही, तेव्हा खालच्या वाडीतच बाटल्या भरून घ्या. केळशीपासून आडे, पाडले करत आंजर्ल्यापर्यंत रस्ता समुद्राला चिकटून जातो. सकाळी सातला मला त्या रस्त्यावर एक दूधवाला भेटला आणि एक एसटी, बस. पुढे हर्णैला समुद्रात सुवर्णदुर्ग आणि अलीकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला अशी रांगच आहे. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. तेवढ्या वेळात रस्ता टेम्पोंनी भरतो, तेव्हा एक तर आधी निघा, नाहीतर मुक्कामच करा. दाभोळला बोटीची वाट बघायला लागली तर किनाऱ्यावरची अंडा मशीद बघून घ्या, लांब जावं लागत नाही.

शनिवार-रविवार अजिबात नको. पुण्याच्या गाड्या येतात. (पुणेकरांनो, सत्य आहे.)

पुण्याहून

ताई, सत्य मान्य. पण कुत्र्यांचं काय करता? वाड्यावस्त्यांवर फार मागे लागतात.

ठाण्याहून

उतरायचं, सायकल मधे ठेवायची आणि चालायला लागायचं. चाक फिरायचं थांबलं की नव्वद टक्के कुत्र्यांचा रस संपतो. उरलेल्यांसाठी बिस्किटं.

पणजीहून

जुन्या गोव्यात चर्चेस पाहायला आलेल्या गर्दीतून खाली नदीकडे वळा आणि फेरीने दिवाडी बेटावर जा. दहा मिनिटांत दुसरं जग. दोन्ही बाजूंना खाजनाची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेतं, मधून बांध, बांधावर रस्ता, आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायला जागोजागी मानस, म्हणजे बांधातली दारं. पिएदादची टेकडी एवढाच काय तो चढ. बेट ओलांडून दुसऱ्या टोकाची फेरी धरली की पलीकडे डिचोलीतलं नार्वे, सप्तकोटेश्वराचं देऊळ. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवाने केला तोच प्रवास तुम्ही सायकलवरून अर्ध्या दिवसात करता. ऑगस्टात बोंदेरामच्या, म्हणजे दिवाडीच्या झेंड्यांच्या उत्सवाच्या दिवशी तेवढं येऊ नका, आलात तर सायकल घरी ठेवून या.

उत्रेख्त, नेदरलँड्सहून

इथे सायकलला वाहतूक नसलेला रस्ता शोधावा लागत नाही, तो सरकारने करून ठेवलाय. त्यामुळे मी जरा फसवाच स्पर्धक आहे! चौकाचौकात आकड्यांचे फलक असतात. निघताना कागदावर आकडे क्रमाने लिहून घ्यायचे आणि एकापुढे एक गाठत जायचं, नकाशा लागत नाही.

आमच्या शहराजवळून जुनी जलसंरक्षण रेषा जाते, ८५ किलोमीटर लांब. शत्रू आला की बांधांची दारं उघडून शेतं बुडवायची. पाणी साधारण गुडघाभर, म्हणजे सैन्याला आणि तोफांना चालायला जास्त आणि होडीला कमी. जिथे पाणी पोचत नाही तिथे किल्ले. २०२१ पासून ही रेषा जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्याकडचे किल्ले डोक्यावर, तर इकडचे गवताखाली. पहिल्यांदा मी एका किल्ल्याशेजारून टेकाड समजून पुढे गेले. किल्ल्यांच्या आसपास अजून काही लाकडी घरं दिसतात. तोफेच्या माऱ्यात अडथळा झाला तर पटकन जाळता यावीत म्हणून तिथे लाकडाचीच घरं बांधायची असा कायदा होता.

चढ शून्य. पण वारा! समोरून वारा असला की सह्याद्री परवडला.

नारायणगावहून

जुन्नर-आपटाळे-चावंड-घाटघर-नाणेघाट. वाटेत माणिकडोहचं पाणी, पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ आणि डोक्यावर चावंड. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळातलं जकातीचं दगडी रांजण आणि गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. त्यातले आकडे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी आहेत. जकात कोकणातल्या बंदरांकडून वर येणाऱ्या मालावर. हे सगळं बघायचं तर पावसाळ्यातला सुट्टीचा दिवस सोडून कधीही जा. त्या दिवसांत रस्त्यावर माणसांपेक्षा मोटारींचे आरसे जास्त असतात. परतीला तोच रस्ता, कारण घाट उतरणारी वाट पायऱ्यांची आहे, सायकलची नाही.

धाराशिवहून

तुम्ही सगळे गिअरवाले. माझ्याकडे काळी चोवीस इंची आहे, नोकरीला लागलो तेव्हाची. तिच्यावर तेरला जातो. सपाट माळरान, ज्वारी, हरभरा, सोयाबीन. तेर म्हणजे जुनं तगर. रोमशी व्यापार होता असं पुस्तकात वाचायचं आणि गावातल्या लामतुरे संग्रहालयात रोमन नाणी समोर बघायची. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मागून गोल, मुळात बौद्ध चैत्य असल्याचं सांगतात. मागच्या बाजूला उभं राहून पाहिलंत की पटतं. पुढे नदीकाठी गोरोबाकाकांचं देऊळ, वारकरी भेटले तर चहा नाकारू नका.

बाभळीचे काटे ही एकच अडचण. सडकेच्या कडेला उतरलात की गेलीच ट्यूब. तेरमध्ये पंक्चरवाला आहे, पण बाजाराच्या दिवशी तो ट्रॅक्टरच्या टायरमध्ये अडकलेला असतो. पंक्चर किट आणि पंप स्वतःचा ठेवा.

पुण्याहून

काका, परत येताना सायकल एसटीत घेतात का?

धाराशिवहून

टपावर कॅरिअर असलेली गाडी मिळाली तर घेतात, पैसे वेगळे पडतात. नव्या गाड्यांना टपच राहिला नाही. कंडक्टरला आधी विचारायचं, आणि चढवायला एक हात आपला लागतोच. दोर घरून न्या.