मॉन्स्टेराची जुनी पानं पिवळी पडतायत, नवीन पानांना चिरा नाहीत

पानवेल:
मॉन्स्टेरा डेलिसिओसा (मोठ्या, चिरा पडलेल्या पानांचा शोभेचा वेल), ८ इंची प्लॅस्टिकची कुंडी, बागेतली माती आणि शेणखत अर्धं-अर्धं. जागा खिडकीपासून आठेक फूट आत. एक दिवसाआड पाणी. खालची पानं एकेक करून पिवळी होतायत, कडांना काळपट डाग आणि त्यांच्याभोवती पिवळी रेघ. नवीन पान तळहाताएवढंच आणि अखंड. माती ओली असूनही पानं मलूल दिसतात. पाणी वाढवू का?

कुंडीकर:
पाणी अजिबात वाढवू नका. ओल्या मातीतही पानं मान टाकतायत म्हणजे बहुधा मुळं कुजतायत. इतक्या आत उजेड फार कमी पोचतो, झाड पाणी ओढत नाही, माती ओलीच राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यात बागेतली माती कुंडीत घट्ट बसते.

आजच झाड बाहेर काढा. माती धुऊन प्रत्येक मूळ चिमटीत हलकेच ओढून बघा. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं. कुजलेल्याची साल हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते, वासही येतो. असं प्रत्येक मूळ स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. उरलेल्या मुळांपेक्षा जेमतेम इंचभर मोठी कुंडी घ्या, आताच्यापेक्षा लहान झाली तरी चालेल. मिश्रण: २ भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ भाग झाडाच्या सालीचे तुकडे, १ भाग परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे), १ भाग गांडूळखत. नवीन पान उघडेपर्यंत वरून कसलंही खत नको. पाणी वार ठरवून घालू नका. बोट दोन इंच आत घाला, कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत द्या आणि बशीतलं पाणी ओतून टाका.

हिरवीसावली:
चिरांबद्दल. पान गुंडाळलेलं असतानाच त्या ठरलेल्या असतात, अखंड उघडलेलं पान नंतर चिरत नाही. म्हणून बदल पुढच्या पानांत शोधा. कुंडी खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणा. भर दिवसा तिथे हाताची सावली कडा ओळखू येतील इतकी पडली पाहिजे. कोवळं ऊन चालतं, दुपारच्या थेट उन्हाने पानं भाजतात.

दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलांत हा वेल झाडांच्या खोडांवर चढतो, जसजसा वर जातो तसतशी पानं मोठी होतात. त्यामुळे आधार हवाच. मॉस स्टिक (शेवाळ गुंडाळलेली आधाराची काठी) कुंडी बदलतानाच रोवा, नंतर खुपसली तर मुळं तुटतात. हवाई मुळांची (खोडातून बाहेर हवेत फुटणाऱ्या मुळांची) बाजू काठीकडे ठेवा आणि खोड बांधा, देठ नव्हे. देठ जखडला की पान उजेडाकडे वळू शकत नाही.

ओलीमाती:
पानांची मागची बाजूही तपासा. चंदेरी ओरखडे आणि त्यांवर काळे ठिपके असतील तर ते फुलकिडे (पानांचा रस शोषणारे बारीक किडे). १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली सौम्य द्रवसाबण नीट घुसळून संध्याकाळी फवारा, मुख्यतः पानांखाली. अंडी पानाच्या आत असतात, त्यांना फवारा लागत नाही, म्हणून दर ५-६ दिवसांनी निदान चार वेळा करा. मात्र मुळं कुजलेली निघाली तर आधी तेच काम. आणि मांजर-कुत्रं असेल तर कापलेले तुकडे लगेच उचला, यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटने तोंड आणि घसा सुजतो.

पानवेल:
झाड काढलं. अर्ध्याहून जास्त मुळं गेलीत आणि खोडाचं बूडही मऊ लागतंय. वरचं पान कापून पाण्यात ठेवू?

कुंडीकर:
नुसतं पान नको. देठासकट ते महिनोन्‌महिने हिरवं राहील, पण त्यातून झाड होणार नाही. कोंब फक्त पेरातून, म्हणजे खोडावर जिथून पान निघतं त्या सांध्यातून, फुटतो. बुडाकडून खोडाच्या चकत्या काढत वर या, काप आतून स्वच्छ फिकट आणि कडक दिसला की थांबा. वर निदान एक पेर आणि शक्यतो एक हवाई मूळ राहू द्या. काप तासभर सुकवा, मग फक्त पेर बुडेल इतक्या पाण्यात ठेवा, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. मुळं दोन-तीन इंच झाली की वरच्याच मिश्रणात लावा.