लॉकवरच्या स्वयंसेवकांचा सन्मान

कालव्यावरच्या लॉकवर, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या हौदावर, मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचा सन्मान कसा करावा यावर एकाने म्हटलंय, "हे लोक हौसेने येतात, वर्षातून एक प्रमाणपत्र आणि चहापान पुरे." हौस आहे हे मान्य, पण चहापानाचं पटलं नाही. इंग्लंडमध्ये डिव्हायझेसजवळ केन हिलला एकूण 29 लॉक आहेत, त्यातले 16 एका सरळ रांगेत टेकडी चढतात. सगळे पार करायला पाच-सहा तास लागतात. आम्ही भाड्याची नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) घेऊन उतरत होतो, सगळेच नवखे. लॉकमधलं पाणी कमी व्हायला लागलं आणि बोटीचा मागचा भाग वरच्या दारापाशी, पाण्याखालच्या दगडी पायरीवर टेकला. पायरी कुठवर आहे ते दाखवणारी पांढरी रेघ भिंतीवर होती, आमचं लक्षच नव्हतं. पुढचा भाग खाली जायला लागला तसे काठावरचे सत्तरीचे स्वयंसेवक आजोबा ओरडले, धावत जाऊन हँडलने खालचं पॅडल (पाणी सोडायची झडप) बंद केलं आणि वरचं उघडून पाणी परत आत घेतलं. अजून मिनिटभर गेलं असतं तर बोटीत पाणी शिरलं असतं. हे नुसतं दार उघडणं नाही हो.

ब्रिटनमध्ये स्वयंसेवी कामासाठी 2002 पासून राजघराण्याच्या नावाने पुरस्कार आहे, पण तो गटाला मिळतो, एकट्या माणसाला नाही. म्हणून बोटवाल्यांनी त्याच दिवशी लॉकचा क्रमांक, वेळ आणि नेमकं काय केलं ते लिहून कालव्याच्या संस्थेला कळवावं. आम्ही कळवलं, आणि ते त्या आजोबांपर्यंत पोचलं.